भिंगापुढचा अर्धा आरसा

३ मार्च

मामा,

नमस्कार केला असं समजा, कारण मी भांडायला बसले आहे. भांडण तुमच्याशी नाही, कानांशी आहे.

थंडी पडल्यापासून जिन्याखालच्या आपल्या, आत बसून बटण दाबायच्या फोटोपेटीतून निघणाऱ्या पट्ट्यांत लोकांचे कान विरघळायला लागले आहेत. डोळे स्वच्छ, नाक स्वच्छ, भुवईचा केसन्‌केस मोजून घ्यावा, आणि कान मात्र भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे. काल एक जोडपं आलं. तो पुढे स्टुलावर, ती त्याच्या खांद्यामागे. पट्टीवरच्या चारही फोटोंत तो चकचकीत आणि ती धुक्यात. बाई पट्टी बघून म्हणाली, "लग्नातही असंच झालं होतं." मी पैसे परत केले. हसूही आलं आणि रागही.

जे माझ्या हातात आहे ते सगळं करून झालं. टाक्या रिकाम्या केल्या, घासल्या, केमिकल नवं भरलं. कागदाचा नवा रोल लावला. जुन्या कागदाबद्दल व्यापाऱ्याला फोनवर फैलावर घेतलं, तर तो म्हणाला, बाई, कागदाला नाक आणि कान यांतला फरक कुठून कळणार, तो बिघडला तर सगळाच बिघडेल. खरं बोलला. बाहेरची काच पुसली, स्टुलाचा आटा तपासला. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डोळे उत्तम आहेत म्हणे.

म्हणजे राहिला फक्त कॅमेऱ्याचा डबा, आणि तो तुमचा. टाक्या आणि कागद माझा, भिंग आणि शटर तुमचं. दोघांचे हात लागले की भिंग कुणाचंच राहत नाही, असं तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत. मी जगभरचे नियम मोडायला निघालेली बाई, पण हा एक पाळला. थंडीच्या तोंडाला तुम्ही सर्व्हिसिंगला आलात, मग मध्ये एकदा नुसतं तेल घालायला म्हणून आलात. त्यात काही हललं असेल का? कळवा.

शिवणवाल्या बाई परवा लेकीला घेऊन आल्या होत्या. त्याच, ज्या सासर सोडून, पत्ता न ठेवता या गावात आल्या. दुसऱ्या कुठल्याच कॅमेऱ्यापुढे त्या पोरीला बसवत नाहीत. शाळेच्या वर्गाच्या फोटोलाही त्या दिवशी ती हटकून आजारी असते. दर वेळी विचारतात, ताई, कॉपी राहत नाही ना? मी दर वेळी पेटीवरच्या तुमच्या अक्षरातल्या पाटीवर बोट ठेवते. निगेटिव्ह नाही, कॉपी नाही, फोटो फक्त तुमचा. मग त्या पडदा ओढतात आणि आतून दोघींचं हसणं ऐकू येतं.

उत्तर लवकर द्या.

तुमची तोफ

१९ मार्च

मामा,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. दोन ओळी. डोळे दुसऱ्या डॉक्टरला दाखव, डबा उघडू नकोस, मे महिन्यात येतो.

मी डबा उघडला.

बाजूच्या किल्लीवाल्याला बॅटरी धरायला बोलावलं. तुम्ही बसवलेल्या प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब असतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. थेंब तडकला म्हणजे कुणीतरी हात लावला. मामीच्या बाटलीतलं ते गडद, जवळजवळ काळं पडलेलं लाल. सगळ्या स्क्रूंवर तेच होतं. फक्त भिंगाचं तोंड लहानमोठं करायच्या स्क्रूवर ताजा गुलाबी थेंब होता. मामा, तुम्ही कुलूप फोडलंत आणि सवयीनं परत लावूनही ठेवलंत. चोराला एवढा नीटनेटकेपणा परवडत नाही.

भिंगाचं तोंड पुरतं उघडलेलं होतं. तोंड मोठं केलं की उजेड जास्त आत येतो, पण एकाच पातळीवरचं स्वच्छ दिसतं, पुढचं-मागचं विरघळतं. म्हणून कान. पण तुमच्यासारख्या माणसाला जास्त उजेड का हवा झाला? थोडं पुढे हात घातला आणि कारण बोटाला लागलं. भिंगापुढे तिरकी लावलेली काच. अर्धी काच, अर्धा आरसा. अर्धा उजेड आपल्या कागदाकडे जातो आणि अर्धा बाजूला वळतो. आणि बाजूला, काड्यापेटीएवढा, काळा, नवाकोरा डिजिटल कॅमेरा. आपला फ्लॅश उडाला की तोही टिपतो.

किल्लीवाला वाकून बघत म्हणाला, "हे लेकरू कुणाचं?"

मी म्हटलं, उजेड मोजायचं यंत्र आहे. भर चौकात सत्तेला खोटारडं म्हणणारी मी, तुमच्यासाठी किल्लीवाल्याशी खोटं बोलले. त्यानं विश्वास ठेवला नाही. ज्याचं पोट कुलपांवर चालतं, त्याला बंद डब्यात काय असावं हे कळतं.

तेव्हापासून मी तुमची वकील झाले आहे. मनातल्या मनात तुमची बाजू मांडते. कुणीतरी तुम्हाला फसवून बसवून घेतलं असेल. पेटीत चोरी होऊ नये म्हणून असेल. तुम्ही काहीतरी तपासत असाल आणि काढायचं विसरला असाल. एकेक मुद्दा उभा करते आणि मीच पाडते. त्या कॅमेऱ्यात मेमरी कार्ड होतं. ते मी कुठल्याही यंत्रात घातलेलं नाही, कारण त्यातले चेहरे बघण्याचा हक्क मलाही नाही. काढून कात्रीनं कापलं. पण तुम्ही तेल घालायला आलात तेव्हा आधीचं कार्ड घेऊन गेला असणार, हे मला कळतं.

ते काय केलंत, एवढंच सांगा. मी अजून तुमच्या बाजूनं बसले आहे.

भाची

२ एप्रिल

मामा,

आयुष्यात तुम्ही मला एवढं मोठं पत्र कधी लिहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही.

तीनदा वाचलं. तुम्ही लिहिता, चाळीस वर्षं माणसं आली, बसली, हसली, पट्टी घेऊन गेली, आणि तुमच्या हातात ओल्या केमिकलचा वास राहिला. शिक्षकाकडे विद्यार्थी राहतात, गवंड्यानं बांधलेल्या भिंती राहतात, तुमच्याकडे काही राहिलं नाही. मामी गेल्यावर तिची एकुलती पट्टी पाकिटातून काढलीत, तर ती नीट धुतलेली नव्हती, चेहरा पिवळा पडून निघून गेला होता. दुसरी प्रत नाही, कारण आपल्या पेटीत दुसरी प्रत होतच नाही. त्या दिवशी तुम्ही ठरवलंत की यापुढे कुणाचाच चेहरा असा जाऊ द्यायचा नाही.

हे वाचून मी रडले. ते मी लपवत नाही. मामीच्या हातचं मीही खाल्लंय, तिच्या चेहऱ्यावरचा मसही मला आठवतो.

पण मामा, दुःख तुमचं आणि चेहरे दुसऱ्यांचे, हा कुठला न्याय? तुमचा एक फोटो गेला म्हणून गावाच्या फोटोंवर हक्क आला? उद्या ज्याचं घर जळालं त्यानं शेजाऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या करून ठेवाव्यात? तुम्ही मला विचारलंत का? त्यांना विचारलंत का? पाटीवर एक ओळ वाढवायची होती, फोटो तुमचा आणि माझाही. मग बघितलं असतं किती जण पडदा ओढतात.

मी सभांमधून काय बोलत आले ते तुम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकलंय. सरकार चेहरे गोळा करतं, दुकानं चेहरे गोळा करतात, आणि आमच्या जिन्याखाली एक म्हातारं लाकडी खोकं आहे जे माणसाला बघतं आणि विसरतं, अशी यंत्रं असली पाहिजेत, असं मी माइकवरून ओरडून सांगत होते. लोक टाळ्या वाजवत होते. तुम्हीही वाजवल्यात. थंडीतल्या सभेत तर तुम्ही उठून वाजवल्यात, आणि तेव्हा ती काच बसवून झाली होती. त्या टाळ्यांचं मी काय करू?

आणि पत्रासोबत ही घडी घातलेली जाहिरात. 'एका हिवाळ्याचे चेहरे'. तुमचं नाव मोठ्या अक्षरात. उद्‌घाटनाला येशील ना, तुला अभिमान वाटेल, असं लिहिलंय. घडी उघडली.

जाहिरातीवर शिवणवाल्या बाई आहेत. लेक मांडीवर, तिनं आईच्या तोंडावर हात दाबून धरलाय, आणि बोटांच्या फटीतून आईचं हसू निसटतंय. फोटो सुंदर आहे. तो सुंदर आहे म्हणूनच तुम्ही निवडलात, आणि म्हणूनच तो लोकांच्या लक्षात राहील. त्या बाईचा नवरा आणि दीर तिला शोधतायत. पोरगी आमची आहे, कुठेही असली तरी उचलून आणू, असं त्यांनी तिच्या माहेरी जाऊन सांगितलंय. तुम्हाला हे माहीत नव्हतं, कबूल. म्हणून तर विचारायचं असतं.

ही जाहिरात आजच्या आज उतरवा. हा फोटो प्रदर्शनातून काढा. बाकीचं भांडण आपण नंतर करू, हे आधी.

भाची

९ एप्रिल

मामा,

तुम्ही लिहिता, हॉल ठरलाय, जाहिराती छापून चार गावांत लागल्यात, प्रदर्शनाच्या समितीला हाच फोटो मुख्य हवाय, आता मागे घेतलं तर तुमची अब्रू जाईल. आणि एवढ्या गर्दीत कोण कुणाला ओळखतं.

कोण ओळखतं ते सांगते.

परवा दुपारी बाई ज्या शिवणाच्या दुकानात बसतात, तिथे एक माणूस आला. हातात तुमची जाहिरात, चौकोनी घडी घातलेली. मालकिणीला म्हणाला, ही माझी वहिनी, घरात म्हातारं माणूस आजारी आहे, निरोप द्यायचाय. मालकीण खमकी. ती म्हणाली, इथे सगळ्या बायका माझ्याच वयाच्या आणि माझ्याच तोंडाच्या आहेत, बघून घ्या. बाई तेव्हा आत काज करत होत्या. पडद्याआडून त्यांनी दिराचा आवाज ओळखला.

मागच्या दारानं निघून त्या सरळ माझ्याकडे आल्या. पोरीला शाळेतून उचलूनच आणलं होतं, तिच्या एकाच पायात मोजा होता. मला वाटलं आता ही मला बोलेल, शिव्या देईल. त्यांनी पोरीला किल्लीवाल्याच्या बाकावर बसवलं, माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही म्हणाला होतात कॉपी नसते."

बस, एवढंच. शब्दांना मी कधी कमी पडले नाही, हे तुम्हीच चारचौघांत सांगता. त्या दिवशी तोफेत दारू नव्हती. हे माझ्या मामांनी केलं असं म्हणावं, तर पाटीवर बोट ठेवणारी मीच होते. त्यांनी विश्वास तुमच्यावर ठेवलाच नव्हता, तुम्हाला त्या ओळखतही नाहीत. माझ्यावर ठेवला होता. तुम्ही फसवलंत मला, आणि माझ्या तोंडून त्यांना.

किल्लीवाल्यानं त्याची गाडी काढली. त्या दोघी कुठे उतरल्या ते त्यानं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परत येऊन एवढंच म्हणाला की पोरगी वाटेत विचारत होती, आपण फोटोत हसलो म्हणून घर बदलायचं का.

तुमच्या अब्रूबद्दल पुढच्या पत्रात बोलू असं लिहिणार होते. पण पत्रानं काम होत नाही असं दिसतंय. मी येते उद्‌घाटनाला.

२१ एप्रिल

मामा,

तुम्ही त्या दिवशी माझ्याशी एकच वाक्य बोललात आणि मीही एकच, म्हणून बाकीचं लिहून कळवते.

मी भाषण ठरवून आले नव्हते. दारातून आत आले आणि भिंतीभर आपली माणसं दिसली. पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ आणि त्यांच्यासोबत त्या, ज्यांच्याबद्दल घरी कुणाला ठाऊक नाही. परीक्षेत नापास झालेली मुलगी, जी रडून घेण्यासाठी पेटीत बसली होती आणि चुकून बटण दाबलं गेलं. मोठी केलेली, चौकटीतली, खाली नंबर. लोक हातात सरबत घेऊन जवळ जाऊन बघत होते आणि म्हणत होते, किती खरे चेहरे आहेत. खरेच असणार. पडदा ओढलेला होता ना.

मग समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचेत का. असं माझ्यासमोर विचारू नये, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी काय बोलले ते तुम्ही ऐकलंत. मी तुमची बदनामी केली नाही, हे तुम्हालाही मान्य करावं लागेल. मी फक्त पाटी वाचून दाखवली, आणि काच कशी बसवली आहे ते सांगितलं, आणि म्हटलं की ज्यांना इथे स्वतःचा चेहरा दिसतोय त्यांनी तो उतरवून घरी न्यावा, कारण तो त्यांचा आहे, विकत घेतलेला आहे. मग मागून बेकरीवाला उठला आणि खुर्चीवर चढून त्यानं स्वतःला आणि आपल्या भावाला खिळ्यावरून काढलं. मग आणखी काही जण उठले. पोस्टातल्या गृहस्थांनी आपली चौकट छातीशी उलटी धरून बाहेर नेली. फक्त ते दात नसलेले आजोबा, चार तऱ्हेचे चेहरे करणारे, ते म्हणाले, मला राहू दे बाई, मी झकास दिसतोय. त्यांना राहू दिलं. त्यांचा फोटो, त्यांची मर्जी. माझं म्हणणं एवढंच तर होतं.

मायलेकींचा फोटो मी स्वतः उतरवला. तुम्ही तेव्हा शेजारी येऊन उभे राहिलात. मला वाटलं मदत कराल. तुम्ही म्हणालात, "तोफे, मी चोरी केली नाही. जपून ठेवलं."

"चोरही जपूनच ठेवतो, मामा."

तुमचा चेहरा मी पाहिला. तो मोठा करून भिंतीवर लावावा असा होता. मी पाहिला आणि विसरायचा प्रयत्न करते आहे.

चारही गावांतल्या जाहिराती उतरवल्याशिवाय आणि सगळं माझ्या हाती दिल्याशिवाय मला पत्र लिहू नका.

६ मे

मामा,

पार्सल मिळालं. कॅमेऱ्याचं कार्ड, छापलेल्या प्रती, उरलेल्या जाहिराती. चारही गावांतून स्वतः हिंडून उतरवल्यात, हातांना खळ लागून कातडी सोलली, असं तुमच्याबरोबर फिरलेल्या माणसानं चिठ्ठीत लिहिलंय. तुम्ही ते लिहिलं नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. सगळं मी जिन्यामागच्या अंगणात जाळलं. किल्लीवाला बादली घेऊन उभा होता.

मागच्या आठवड्यात तो दीर पेटीपाशीही आला. बराच वेळ पाटी वाचत उभा राहिला, मग म्हणाला, या बाईचा आणखी एखादा फोटो असेल तर किंमत देतो. मी म्हटलं, हे यंत्र कुणालाही लक्षात ठेवत नाही, बसा, तुमचा काढून दाखवते. तो बसला नाही. बाई कुठे आहेत मला माहीत नाही. माहीत असतं तरी तुम्हाला लिहिलं नसतं. तुमच्यापासून लपवावं असं माझ्याकडे पूर्वी काही नव्हतं.

तुम्ही विचारलंय, काच काढल्यावर भिंग परत जुळवायला येऊ का, कारण ते काम एकट्यानं होत नाही, एक जण डब्याशी आणि एक स्टुलावर लागतो. नका येऊ. किल्लीवाला बसला. भिंगाचं तोंड मी जुन्या जागी आणलं, शटरपाशी धुरकट काच धरून चित्र बघितलं. त्यानं दोन्ही कानांवर वर्तमानपत्राचे तुकडे धरले आणि मी त्यावरचं बारीक अक्षर वाचता येईपर्यंत भिंग पुढे-मागे सरकवत राहिले. सकाळ त्यातच गेली. तो म्हणाला, जगात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या कानांकडे एवढं लक्ष दिलं. आता नाकही दिसतं आणि कानही. तुम्ही शिकवलेलं सगळं मला येतं, हे त्या दिवशी कळलं. त्याचा आनंद झाला नाही.

आता तुमच्या पत्राचा शेवट.

तुम्ही लिहिता, सगळं दिलं, एक फोटो ठेवलाय. रोज सकाळी पेटी उघडताना मी स्वतः बसून एक पट्टी काढून बघते, त्यातलाच एक. कशाला तरी मी मान मागे टाकून, तोंड उघडून हसते आहे. त्यात तुम्हाला आई दिसली. तुमची धाकटी बहीण, जशी ती गेली त्याच्या आधी हसायची तशी. तिचा तसा फोटो कुणाकडेच नाही. तुम्ही लिहिता, बाकी कुणावर माझा हक्क नव्हता हे मान्य, पण हा ठेवू का?

मामा, या सगळ्या प्रकरणात तुम्ही पहिल्यांदाच कुणाला तरी विचारलंत. आई माझ्यात दिसते, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तो फोटो मलाही बघायचा आहे.

पण विचारायचं म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची मुभा द्यायची. नाहीतर ते विचारणं नसतं, नुसतं कळवणं असतं.

नाही. पाठवून द्या.